निशाणी नांगराची

पेशवाईतील किंवा त्याहीपूर्वीच्या एखाद्या महजराचा लांबलचक कागद उलगडावा, आणि वादी-प्रतिवादींच्या तकरिरा, साक्षीदारांच्या जबान्या, पुराव्यांचा ऊहापोह व अखेरचा निवाडा असा मोडी अक्षरांचा अखंड ओघ पार करून, जेथे सभेला हजर असलेल्यांची नावे मांडलेली असतात तेथवर यावे, म्हणजे वाचकाची दृष्टी अडखळते. कारण इतका वेळ एका सराईत हाताने न थांबता धावत आलेली लेखणी तेथे बाजूला होते आणि नावानावापाशी एकेक लहानसे, बहुधा वेडेवाकडे, चित्र उभे राहते. पाटलाच्या नावापाशी नांगर असतो. कुलकर्ण्याच्या किंवा देशपांड्याच्या नावापाशी दऊत-लेखणी, पेठेच्या शेट्याच्या नावापाशी तागडी, सुताराच्या नावापाशी किंकरे, चांभाराच्या नावापाशी रापी, न्हाव्याच्या नावापाशी आरसा, परटाच्या नावापाशी मोगरी. आणि कागद लिहून देणारी बाई असेल तर तिच्या नावापाशी बांगडी. या चित्रांना त्या काळचे कारकून ‘निशाणी’ म्हणत, आणि चित्राशेजारी ‘निशाणी नांगर’ असे अक्षरांतही नमूद करीत. चितारणाऱ्याच्या कौशल्यावर त्यांचा पुरता भरवसा नसावा, आणि कित्येक नांगर पाहिले म्हणजे त्यांची ही खबरदारी अनाठायी होती असेही म्हणवत नाही.

आज या सगळ्या चित्रांची जागा ‘सही’ या एका शब्दाने घेतली आहे. बँकेत सही जुळत नाही, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते, साहेब सहीला बसले आहेत म्हणून लोक दाराबाहेर ताटकळतात, आवडत्या खेळाडूची सही मुले वहीवर मागून घेतात, आणि अलीकडच्या तरुणांच्या बोलीत तर जे जे मनास येईल ते ते सारे ‘सही’ असते. हा शेवटचा प्रयोग कानी पडताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शब्दाच्या मूळ अर्थाशी अधिक जवळीक त्या पोरांचीच आहे. अरबीतील ‘सहीह’ म्हणजे बिनचूक, यथार्थ, आणि जुन्या कतब्याच्या शेवटी ‘हे लिहिले सही’ असे जे येते, त्याचा भावार्थ ‘वर लिहिले ते खरे’ एवढाच असे. लिहिलेले खरे आहे असे कोणी म्हणावयाचे, आणि म्हणणारा तोच आहे हे इतरांनी कशावरून ओळखावयाचे, या दोन प्रश्नांना मराठी मुलखाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांपैकी नांगराचे उत्तर मला सर्वांत अर्थपूर्ण वाटत आले आहे, आणि त्याच्याविषयी जो एक समज रूढ झाला आहे तो दूर व्हावा अशी माझी इच्छा आहे.

तो समज असा की निशाणी ही अडाण्याची सही होय. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे, ज्याला येते त्याने नाव लिहावे, अशी ही सोपी विभागणी एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांनी केली आणि आपण ती मागच्या शतकांवरही लादली. वस्तुतः दऊत-लेखणीची निशाणी ज्यांची होती ते देशपांडे-कुलकर्णी गावातील, किंबहुना परगण्यातील, लिहिण्याचा व्यवसायच करणारे होते. निशाणी ही केवळ निरक्षराची सोय असती तर लेखणीचे चित्र कोणी काढण्याचे कारणच नव्हते. देशमुखांपैकी अनेकांच्या धातूच्या शिक्क्यांतदेखील नांगर कोरलेला आढळतो. ज्याच्या पदरी कारकून आहेत, ज्याच्या नावाचा शिक्का आहे, तो माणूस अक्षर येत नाही म्हणून नांगर मिरवीत नव्हता. नांगर ही त्याच्या वतनाची खूण होती. या जमिनीवर, या गावावर, या परगण्यावर आमचा वंशपरंपरेचा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या नात्याने आम्ही या कागदास साक्ष आहो, असे तो नांगर सांगत असे.

ज्या सभेत हे कागद तयार होत तिचे स्वरूप पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. वतनाचा तंटा उपस्थित झाला, दोन भावबंदांत पाटीलकीचा वाद पेटला, शिवेवरून दोन गावे हातघाईला आली, म्हणजे गोतसभा भरे, आणि तीत देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन व गावचे बलुतेदार असे सगळे येऊन बसत. निवाडा झाला की त्याचा महजर होई आणि त्यावर या सर्वांच्या निशाण्या पडत. मनुष्य तेथे एकटा येत नसे. आपले घराणे, आपला धंदा आणि गावगाड्यातील आपली जागा घेऊन येई, आणि कागदावर उमटे तीही ती जागाच. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला तोवर ही घडी पुष्कळशी विसकटली होती, तरी शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला जे वजन असे त्याची आठवण जिवंत होती. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानावयाचा, त्याच्याच शब्दावर गावाची सीमा ठरवावयाची आणि त्याच्या निशाणीवाचून कागद पुरा झाला असे मानावयाचे नाही, हा विसंवाद आपल्या पूर्वजांना जाचत होता असे कागदांवरून तरी दिसत नाही.

निशाणी हा हक्क असल्यामुळे हक्काबरोबर येणारे सर्व विकारही तिला जडले. पाटीलकी ही विकता येई, गहाण टाकता येई, भावाभावांत वाटता येई. आणि अशी वाटणी झाली की शेतवाडी, हक्क-लवाजमा, पोळ्याचा मान, होळीची पोळी, विडा, टिळा, शिरपाव यांच्या जोडीने कागदावर कोणाचे नाव आधी मांडावयाचे आणि नांगर कोणी काढावयाचा याचीही बोली होई. वडील भावाचे नाव वर, धाकट्याचे खाली. किंवा नावे दोघांची आणि नांगर एकाचा. अशा अटी वाचताना आधुनिक वाचकाला हसू येते, पण त्या हसण्यात अज्ञान आहे. गावात पाटलाचा नांगर ज्या कागदावर नाही तो कागद गावाने केला असे म्हणता येत नसे. तेव्हा नांगर ज्याच्या हाती, गावाचा शब्द त्याच्या हाती. महादजी शिंदे दिल्लीच्या पातशाहीचे वकील-इ-मुतलक झाले, उत्तर हिंदुस्थानचा कारभार त्यांच्या तंत्राने चालू लागला, तरी स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्यांना भूषण वाटे आणि लोकही त्यांना ‘पाटीलबावा’ म्हणत. यात विनयाचे नाटक होते असे काही इतिहासकार म्हणतात, आणि ते थोडेफार असेलही, परंतु दिल्लीने दिलेले पद दिल्ली परत घेऊ शकते, गावचे वतन तसे कोणी सहजासहजी घेऊ शकत नाही, हे त्या मुत्सद्द्याला पुरेपूर कळत होते.

गावाच्या वर, दरबारी कागदांत, चित्रांची जागा शिक्का घेतो. आज आपण आपले नाव वळणदार अक्षरांत खरडतो तशी सही त्या काळच्या राजाने सहसा केली नाही. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वांना ठाऊक आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा देणारी ही मुद्रा रांझ्याच्या पाटलाला त्याच्या अपराधाबद्दल शासन केल्याच्या 1646 च्या सुप्रसिद्ध पत्रावर आढळते, म्हणजे मुद्रेचा धनी त्या वेळी पुरता विशीतही आलेला नव्हता. फारसी शिक्क्यांच्या त्या राज्यात एका जहागीरदाराच्या पुत्राने संस्कृत मुद्रा करून घ्यावी, यातील आकांक्षा त्या चंद्राच्या उपमेतच सांगून टाकलेली आहे. पत्राच्या माथ्यावर ही मुद्रा आणि पत्र संपले तेथे ‘मर्यादा’ सांगणारी दुसरी छोटी मुद्रा, अशी ही जोडी असे. त्या खालच्या मुद्रेचे काम व्यवहाराचे होते: येथे मजकूर संपला, याच्या खाली जे काही दिसेल ते आमचे नव्हे. लांब सनदेसाठी कागदाला कागद चिकटवावा लागे, तेव्हा मधला एखादा ताव काढून दुसरा घालण्याची कोणास बुद्धी होऊ नये म्हणून पाठीमागून सांध्यांवरही शिक्के उठवीत. शिक्का आणि मोर्तब या जोडशब्दातला पहिला शब्द आरंभाचा आणि दुसरा शेवटाचा. आता कोणत्याही किरकोळ बैठकीत कोणत्याही किरकोळ ठरावावर वर्तमानपत्रे शिक्कामोर्तब करून टाकतात, त्यात ना लाख असते ना शाई.

पुढे राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. त्यात लेखनव्यवहारासाठी एक स्वतंत्र वर्गच आहे. कोशाचा हेतू थोर होता आणि पदांच्या बाबतीत तो काही अंशी सफलही झाला. परंतु कारकुनांच्या बोटांत जे शब्द मुरले होते ते काही केल्या गेले नाहीत, आणि सही, शिक्का, मोर्तब, दस्तऐवज, निशाणी, साक्ष अशी ती संमिश्र मंडळी एका पंक्तीला बसून आजही जेवत आहेत.

पेशव्यांच्या शिक्क्यात एक मौज आहे. शिक्क्याच्या आरंभी राजा शाहू नरपती याचे हर्षनिधान म्हणून स्वतःला म्हणवून घेऊन मगच बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान आपले नाव घेतात. साताऱ्यास छत्रपती बदलले की शिक्क्यातले नाव बदलते, मजकुराची तऱ्हा बदलत नाही. पुण्याचा प्रधान अटकेपर्यंत फौजा धाडतो आणि साताऱ्याचा राजा आपल्या खर्चासाठी त्याच्याकडे पाहतो, अशी स्थिती असतानाही कागदावर सेवक सेवकच राहिला. हा निव्वळ दांभिकपणा म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. कोणाच्या अधिकाराने आपण लिहितो ते सांगितल्यावाचून आपले नाव घ्यावयाचे नाही, हीच रीत गावच्या नांगरात होती आणि हीच प्रधानाच्या शिक्क्यात. पेशव्यांच्या पत्रांचा शेवट ‘लेखनसीमा’ या मोर्तबाने होई. आणि मजकूर खासगी वा नाजूक असेल तर कारकुनाचे अक्षर जेथे संपते तेथून पुढच्या ओळी पेशवे आपल्या हाताने घालीत. अशा मजकुराला ‘दस्तुर खुद्द’ म्हणत. आजच्या बातमीत दस्तुरखुद्द मंत्री पुलाची पाहणी करावयास येतात तेव्हा त्यांनी हातांनी काही लिहिलेले नसते, ही गोष्ट वेगळी.

हाताच्या वळणावर एवढी भिस्त असली म्हणजे त्या वळणाची नक्कल करणारेही निपजतात. शिक्का चोरता येतो, अक्षर गिरवता येते, आणि मोडी लिपीच्या घाईत एका अक्षराचे दुसरे करणे तर फारच सोपे. नारायणराव पेशव्यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात खून झाला, त्याच्या मागे ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारा आनंदीबाईंचा हात होता, असा प्रवाद मराठी माणसाने इतका उराशी धरला की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. प्रवादाचा ऐतिहासिक आधार कच्चा आहे. पण लोकांनी नेमकी हीच कथा का जपली असावी, याचा विचार केला तर असे वाटते की ज्या राज्यात माणसाचा प्राण एका कागदावर टांगलेला आहे तेथे त्या कागदातील एका अक्षराविषयी वाटणारी भीती खरी होती.

आणि जेथे कागद मुळीच नसे तेथे? पानिपतच्या रणात 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी संशयाला जागा राहिली, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची लक्षणे धारण केली नाहीत, आणि काही वर्षांतच आपणच भाऊ आहो असे सांगणारा एक मनुष्य पुढे आला. बुंदेलखंडाकडचा सुखनिदान नावाचा हा कनोजा ब्राह्मण रूपाने भाऊंसारखा होता असे सांगतात. त्याला पकडले, चौकशी केली, तोतया ठरवून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले. 1776 साली तो तेथून सुटला आणि पाहता पाहता कोकणात त्याच्याभोवती फौज जमली, किल्ले त्याच्या हाती आले, आणि शहाण्यासुरत्या माणसांनीही त्याला मुजरे केले. अखेर आंगऱ्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ या नाटकात ही हकीगत रंगभूमीवर आणली. राज्यातील सर्वांत प्रख्यात पुरुषांपैकी एकाची ओळख पटवावयाची तर साधने कोणती होती? चेहरा, चाल, बोलणे, अंगावरच्या खुणा, आणि ‘अमुक प्रसंगी मी तुम्हांस काय म्हणालो होतो’ असल्या आठवणी. फौजेत मात्र शिपायाच्या रंगरूपाचे टिपण ठेवण्याची आणि घोड्याला डाग देण्याची रीत फार जुनी होती; एक घोडा दोन पागांत दाखवून दुप्पट तैनात उकळणाऱ्या सरदारांमुळे अल्लाउद्दीन खलजीपासून अकबरापर्यंत अनेक पातशहांना ती चालवावी लागली. मराठी फौजांनीही ती उचलली. ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आज आपण मुलगी पाहावयास गेलो की वापरतो. त्याचा उगम अशा हजेरीपत्रकांत आहे.

1818 साली राज्य बुडाले आणि कागदाचे राज्य सुरू झाले. पूर्वी कागद गोतसभेसमोर होई. आता तो सावकाराच्या ओट्यावर होऊ लागला. इंग्रजांच्या अदालतीला गोत ठाऊक नव्हते, तिला दस्तऐवज ठाऊक होता, आणि दस्तऐवजावर कुळाचा नांगर आहे एवढे दिसले की तिचे समाधान होई. त्या नांगराच्या वर काय लिहिले आहे, मुद्दल किती नि व्याज किती, जुने खत फाडले की नुसतेच नवे करून घेतले, हे कुणब्याला वाचता येत नव्हते आणि न्यायाधीशाला विचारावयाचे नव्हते. गावासमोर काढलेला नांगर म्हणजे अधिकार. एकट्याने सावकारासमोर काढलेला तोच नांगर म्हणजे गळफास. चित्र एकच, काढणारा हातही तोच, पण भोवतालची माणसे उठून गेली आणि चित्राचा अर्थ उलटा झाला. निशाणी अडाणीपणाची खूण बनली ती या काळात, या ओट्यांवर.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे भर बाजाराच्या दिवशी कुळे सावकारांच्या घरांवर चालून गेली तेव्हा त्यांनी प्रथम मागितली ती खतपत्रे, आणि हाती आली ती त्यांनी जाळली. पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत मनुष्यहत्या फारशी झाली नाही. रोष कागदावर होता, आणि कागदावर त्यांची स्वतःचीच निशाणी होती. आपला नांगर आपल्या हाताने जाळणाऱ्या या माणसांची सरकारने चौकशी केली, आयोग बसला, आणि 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी जो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांकरिता झाला, त्यात शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावनिबंधकासमोर लिहिला जावा, त्याला वाचून दाखवावा आणि मगच त्याची सही किंवा निशाणी घ्यावी, अशी तजवीज झाली. म्हणजे साठ वर्षांपूर्वी जे गोत उठवून लावले होते त्याच्या जागी एक पगारी माणूस आणून बसवला. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात कुळांना नाडणाऱ्या लेखणीवाल्यांच्या करामतींवर किती आसूड ओढले आहेत ते सर्वश्रुत आहे.

कायद्याने निशाणीला शेवटपर्यंत नाकारले नाही, हे मात्र त्याच्या पदरी टाकले पाहिजे. 1897 च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यात सही करणे या क्रियेत, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्यापुरते, निशाणी करणेही येते अशी व्याख्या आहे आणि ती आजही लागू आहे. गंमत अशी की त्याच 1897 साली कलकत्त्याला जी एक कचेरी उघडली तिने नांगर, रापी, आरसा नि बांगडी या सर्वांना हळूहळू रजा दिली. ती बोटांच्या ठशांची कचेरी होती.

या ठशांची जन्मकथा बंगालची आहे आणि तिचा नायक एक रस्त्याचा मक्तेदार आहे. 1858 साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई याच्याशी रस्त्याची खडी पुरविण्याचा करार केला आणि मक्तेदार पुढे नाकबूल होऊ नये म्हणून कागदाच्या पाठीवर त्याच्या सबंध पंजाला शाई लावून ठसा घेतला. 1857 नंतरचे दिवस. राज्यकर्त्यांचा देशी माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता आणि अक्षरावर तर नव्हताच. पुढे हुगळीस असताना हर्शेलने दस्तनोंदणीत आणि निवृत्तिवेतनाच्या वाटपात बोटांचे ठसे लावून पाहिले; मेलेल्याच्या नावावर वेतन घेणारे वारस त्यामुळे उघडे पडावेत हा हेतू. ठसे घेणे सोपे होते. हजारो ठशांतून हवा तो शोधून काढणे कठीण. ती वर्गवारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगात प्रसिद्ध आहे, परंतु तिचे गणित बसवणारे अझीझुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस हे दोघे बंगाली पोलीस अधिकारी होते. 1901 साली ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने उचलली. ज्यांनी हे केले त्यांच्या सहीपेक्षा साहेबाची सही जगाला ठळक दिसली, यात नवल नाही.

नांगर आणि अंगठा यांत मला जे अंतर दिसते ते येथेच सांगतो. नांगर माणूस स्वतः काढतो. अंगठा दुसरा कोणी धरून दाबतो. नांगर माणसाचे गावातील स्थान सांगतो, अंगठा फक्त शरीर सांगतो. नांगर खोटा असू शकतो, आणि खोटा असू शकतो म्हणूनच तो खरा आहे असे म्हणावयास चार माणसे लागतात. अंगठ्याला चार माणसांची गरज नाही. सरकारला त्याची गोडी लागली याचे कारण हेच. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची 1911 साली जी नवी आवृत्ती निघाली तिने मुंबई इलाख्यालाही आपल्या कक्षेत घेतले, आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांनी काही केले असो वा नसो, त्यांचे ठसे घेऊन नावे नोंदविण्याचा अधिकार सरकारकडे आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देणाऱ्या या लोकांची सुटका 1952 च्या ऑगस्टअखेर कायदा रद्द झाला तेव्हा झाली, म्हणून ते ‘विमुक्त’. गावगाड्यात ज्यांना नांगर नव्हता, तागडी नव्हती, एकही निशाणी नव्हती, त्यांना राज्याने पहिली ओळख दिली ती चोर म्हणून. जुन्या गोतसभेचे गुणगान करताना हे विसरता कामा नये की तिच्या कागदावर यांच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

इकडे सामान्य माणसाच्या दस्तावर ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ हे शब्द रूढ झाले. कारकुनाने अंगठ्याला शाई फासावी, कागदावर दाबावा, आणि माणसाने तो डोक्याच्या केसांना पुसावा, हे दृश्य कचेऱ्यांतून कित्येक वर्षे रोजचे होते. भाषेनेही तत्काळ दखल घेतली. अंगठा देणे म्हणजे न वाचता मान्य करणे, आणि अंगठाबहाद्दर ही शिवी. नांगर काढणाऱ्या पाटलाला कोणी ‘नांगरबहाद्दर’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. या शिवीची धार किती होती ते साक्षरताप्रसाराच्या प्रयत्नांत दिसते. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली, तेव्हा गावे ईर्षेने शिकली ती काही पुस्तके वाचण्याच्या ओढीने नव्हे. आपल्याला अंगठा उठवावा लागू नये, ही साधी इच्छा पुष्कळांना पुरेशी होती. कित्येक प्रौढ बायका आयुष्यात एवढेच अक्षर शिकल्या: स्वतःचे नाव, मग नवऱ्याचे, मग आडनाव, शिरोरेघ शेवटी, एका दमात. ती चार-पाच अक्षरे त्या लिहीत नसत, काढीत असत. पाटील नांगर काढी तशीच.

सही-अंगठ्याच्या जोडीला ओळख सांगणारे कागदही आले. रेशनकार्ड हे मुंबईत युद्धकाळात 1943 साली धान्यासाठी निघाले, आणि धान्याचा तुटवडा ओसरला तरी घराचा पत्ता नि माणसांची नावे सांगणारा सर्वांत विश्वासू कागद म्हणून घरोघरी कपाटात राहिले. पुढे मतदाराचे ओळखपत्र आले, प्राप्तिकराचे कार्ड आले. त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बारा आकडे, दहा बोटे, दोन डोळ्यांची बुबुळे. हर्शेलचा पंजा पूर्ण शतकाहून अधिक काळ फिरून सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचला, आणि या वेळी तो साक्षरांनाही लागला. सही कितीही वळणदार असली तरी बोट टेकावेच लागते. स्वस्त धान्य दुकानातल्या यंत्रापुढे आता ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार नित्याची झाली आहे. ती म्हाताऱ्यांची असते, वीटभट्टीवरच्या बायकांची असते, ऊसतोडणी मजुरांची असते. कोयत्याने, विटेने नि राखेने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्र ओळखीत नाही. शेजारी उभे असलेले दहाजण अशा माणसाला ओळखत असतात, पण त्यांना कोणी विचारीत नाही.

जुन्या कागदांचे मात्र दिवस पुन्हा फिरले आहेत. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 1898 पासून छापावयास घेतली आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून दफ्तरांची ही बाडे अभ्यासकांच्याच कामाची होती. शाळांतून मोडी उठल्यानंतर ती वाचणारेही बोटांवर मोजण्याइतके उरले. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने कुणबी जातीच्या दाखल्यांसाठी समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून महसुली कागद, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे जुने दाखले यांत ‘कुणबी’ हा एक शब्द शोधण्यास प्रारंभ झाला. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तहसील कचेऱ्यांतून त्यांच्यासाठी टेबले मांडली गेली. अर्जदाराने पणजोबाच्या नोंदीची नक्कल आणावी, वाचणाऱ्याने ती देवनागरीत उतरवावी, आणि त्या उताऱ्याखाली त्याची सही नि शिक्का असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.